कुटकी, काटा आणि एसजीपीटी

डॉक्टरांनी औषधच लिहून दिलं नाही, तिथून हे सगळं सुरू झालं.

पोटात उजव्या बाजूला जड वाटायचं म्हणून सोनोग्राफी करून घेतली होती. पित्ताशयात खडे असणार अशी माझी खात्री, कारण आईला होते. खडे निघाले नाहीत. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ निघालं, म्हणजे यकृतात चरबी साचलेली. माझं वय ५१, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ७१ किलो, आणि दारूचा आयुष्यात थेंब नाही. हे शेवटचं मुद्दाम सांगते. इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या भिशीत मी लिव्हरचा विषय काढला तेव्हा दोघींनी एकमेकींकडे कसं बघितलं ते मला दिसलं होतं.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. एसजीपीटी ६८, एसजीओटी ४४ (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी ही दोन एन्झाइम), रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड २१२, आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारं एचबीए१सी ६.१. म्हणजे मधुमेह नाही, पण दारात उभा. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही नाहीत, थायरॉइड ठीक. पोटाच्या डॉक्टरांनी कागदाच्या कोपऱ्यात एक हिशेब मांडला. त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट आणि एसजीपीटीचं वर्गमूळ. माझ्या प्लेटलेट २ लाख ४० हजार. उत्तर आलं १.१३. ते १.३ च्या खाली असलं तर यकृत आतून घट्ट होत चालल्याची शक्यता कमी. मी एका चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात तेवीस वर्षं काढलेली बाई. घरी येऊन कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून बघितलं. बरोबर होतं.

तरी त्यांनी फायब्रोस्कॅन करायला लावला, कारण सोनोग्राफीचा ग्रेड फक्त चरबी किती दिसते तेवढं सांगतो, यकृताला इजा किती झाली ते सांगत नाही. शिवाय पाव हिस्सा यकृत चरबीने भरेपर्यंत सोनोग्राफीला नीट दिसतही नाही. फायब्रोस्कॅनला जाताना तीन तास पोट रिकामं लागतं. उताणं झोपायचं, उजवा हात डोक्याखाली, बरगड्यांच्या मधे थंडगार जेल, आणि मग ते यंत्र फासळीत टक्‌ टक्‌ टिचक्या मारतं. दुखत नाही. किमान दहा नीट नोंदी मिळेपर्यंत मारत राहतं. माझ्या पोटावरच्या थरामुळे तंत्रज्ञ मुलगी दोनदा यंत्र हलवून म्हणाली, “आंटी, साँस रोककर रखिए.” कडकपणा ६.१ किलोपास्कल, म्हणजे काळजीच्या रेषेखाली. चरबीचा आकडा, ज्याला कॅप म्हणतात, तो मात्र ३०१. तो भरपूर होता.

हे सगळं झाल्यावर डॉक्टरांनी लिहिलं: पाच किलो वजन कमी, रोज पाऊण तास भरभर चालणं, साखर, मैदा, गोड पेयं बंद, सहा महिन्यांनी या. औषधाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

मी विचारलं, काहीतरी गोळी? ते म्हणाले, “मॅडम, दवाई है, पर आपके लिए नहीं.” मग समजावूनही सांगितलं. व्हिटॅमिन ई काही निवडक रोग्यांना देतात. आपल्याकडे सॅरोग्लिटाझार नावाच्या गोळीला २०२० मध्ये या आजारासाठी परवानगी मिळाली. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरॉम आलं, तेही ज्यांच्या यकृतात व्रण साचायला लागलेत त्यांच्यासाठी. माझ्या पायरीवर सगळ्यांत जास्त पुरावा वजनाच्या काट्याचा आहे. वजनाच्या पाच टक्के उतरलं की यकृतातली चरबी हटायला लागते, सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही ओसरते.

हे ऐकून घेतलं, पण मन भरलं नाही. मोठी फी भरून जिलबी सोडा एवढंच ऐकायला आलो का, असं वाटलं. मला वाटतं लिव्हरच्या काढ्या-कॅप्सुलींचा सगळा बाजार या आडव्या रेघेवर उभा आहे. आजार आहे, पण दुखत नाही. सोनोग्राफीत नाव छापून आलंय, पण खायला काही दिलेलं नाही. माणसाला रोज सकाळी हातात घेऊन ‘मी माझा इलाज करतोय’ असं म्हणायला एखादी वस्तू लागते. ती ज्याने दिली तो आपला.

देणारे लगेच भेटले. जाऊबाईंनी भुईआवळ्याचा रस सुचवला. ऑफिसातल्या मुलाने मिल्क थिसल. सासऱ्यांच्या कपाटात लिव्ह-५२ ची बाटली वर्षानुवर्षं असायची, ती घे असं सासूबाई म्हणाल्या. १९५५ पासून बाजारात आहे, वाईट असती तर टिकली असती का, हा त्यांचा मुद्दा. शेजारच्या काकांनी कोरफड. कुणी सांगितलं हळद-लिंबू गरम पाण्यात, कुणी ॲपल सायडर व्हिनेगर. इंदूरमध्ये सल्ला आणि शेव दोन्ही न मागता वाढतात.

मी ठरवलं की घ्यायचंच तर एकच काहीतरी, एकाच जाणत्या माणसाकडून, आणि आधीचे आकडे हातात ठेवून. लोकमान्यनगरात एक वैद्यबुवा आहेत, माझ्या माहेरच्यांचे जुने. सत्तरीचे. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, आणि मग चक्क फाइल मागितली. फायब्रोस्कॅनचा कागद चष्मा वर करून वाचला. म्हणाले, “अग्नी मंद, मेद वाढलेला, बैठं काम. यात नवल काय? डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना? ते माझ्याही औषधाचं अनुपान, औषधाबरोबर घ्यायची जोड, समजा.”

त्यांनी कुटकी नावाच्या कडू वनस्पतीचं चूर्ण दिलं, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी अगदी चिमूटभर, कोमट पाण्याबरोबर, आणि दुपारी पुनर्नव्याचा काढा. मी आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक गोळीबद्दल विचारलं, कारण पुण्याला शिकणारी माझी लेक फोनवर म्हणाली होती की यकृतासाठी तीच प्रसिद्ध आहे. वैद्यबुवा म्हणाले, आहेच. तिच्यात अर्धा भाग कुटकीच असते. पण बाकीच्या अर्ध्यात शुद्ध केलेला पारा-गंधक आहे, ताम्रभस्म आहे, लोहभस्म आहे. “ती मी देतो तेव्हा मी बघत असतो. दुकानातून आणून आपली आपण वर्षभर खायची ती गोळी नव्हे. तुम्हाला तिची गरजही नाही.”

कुटकी मला हिरवी पानं वगैरे असेल असं वाटलं होतं. सियागंजात पंसाऱ्याकडे अख्खी बघायला मागितली तर त्याने पोत्यातून करड्या-तपकिरी, सुरकुतलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या काटक्या काढल्या. जमिनीखालचं खोड ते. हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवतं, आणि इतकं उपटलं गेलंय की त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांसाठीच्या, कराराचे निर्बंध आहेत. महाग आहे, म्हणून भेसळही होते. पंसारी म्हणाला, तोडून बघा, आत काळसर दिसेल, जिभेला लावा. लावली. कडू कारलं, कडू मेथी, चिराईत सगळं आयुष्यात खाल्लंय. हा कडूपणा वेगळा. तो लगेच येत नाही, दोन क्षण थांबून येतो आणि मग जात नाही. पंसाऱ्याच्या मुलाने हसत गुळाचा खडा पुढे केला. मी घेतला नाही, आणि तेवढ्यानेच मला फार धन्य वाटलं.

लेक औषधनिर्माणशास्त्र शिकते, त्यामुळे तिने तिच्या बाजूने वाचून सांगितलं. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने कुटकीतून पिक्रोलिव्ह नावाचा अर्क काढून त्यावर बरीच वर्षं काम केलं. उंदरांच्या यकृताला विष देऊन मग हा अर्क दिला तर यकृत वाचतं, असं त्यात दिसतं. “पण आई, तुझं यकृत विषाने बिघडलेलं नाही. ते शेवेने बिघडलंय.” मिल्क थिसलचं तसंच. त्यातल्या सिलिमरिनवर माणसांत अभ्यास झालेत. मलेशियात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ९९ रोग्यांपैकी काहींना ७०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, असं ४८ आठवडे सिलिमरिन दिलं. ज्या मुख्य निकषावर ते उतरायला हवं होतं त्यात साध्या खोट्या गोळीपेक्षा फार फरक दिसला नाही. यकृताच्या घट्टपणात थोडी आशा दिसली, ती पुढे तपासायला हवी. म्हणजे अगदी थोतांड नाही, आणि बाटलीवर लिहितात तसं ‘लिव्हर नव्यासारखं’ही नाही.

पोटाच्या डॉक्टरांना मी फोन करून सांगितलं की कुटकी सुरू करतेय. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं की नेमकं काय, किती, कोण देतंय. आणि सहा आठवड्यांनी एसजीपीटी करायला सांगितलं. “बढ़ा तो बंद.” एवढं साधं.

आता चालणं. लालबागच्या बागेत सकाळी सहाला अर्धं इंदूर चालत असतं, आणि चालून झाल्यावर तेच अर्धं इंदूर गेटबाहेर पोहे खातं. वाफेवर ठेवलेले ते पिवळे पोहे, वर कांदा, शेव, जीरावन मसाला, आणि शेजारच्या कढईतली जिलबी. मी सुरुवातीला वेगळ्या गेटने बाहेर पडायचे. नंतर रविवारी पोहे खायला लागले, अर्धी प्लेट, शेव बाजूला काढून आणि जिलबीशिवाय. दुकानदाराने पहिल्यांदा विचारलं, “दीदी, तबियत ठीक है?”

घरचं खाणं बदलणं जास्त अवघड गेलं, आणि अडचण सरळ गोडधोडाची नव्हती. उपासाची होती. चतुर्थी, एकादशी, गुरुवार, श्रावणी सोमवार. आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर तळलेला बटाट्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, आणि रात्री साखर घातलेलं दही. यकृताच्या दृष्टीने बघितलं तर नेमका तोच दिवस सगळ्यांत भारी. पिठूळ आणि गोड एकदम पोटात गेलं की जास्तीची साखर यकृत चरबीत बदलून साठवतं. इन्शुलिन नीट काम करत नसेल तर आणखीच. मी सासूबाईंना म्हटलं की मी उपास सोडत नाही, साबुदाणा सोडते. भगर, ताक, एक फळ. त्यांनी आठवडाभर माझ्याशी मोजकं बोलून निषेध नोंदवला. गराडूच्या, म्हणजे तळून मसाला लावलेल्या कंदाच्या, दिवसांत तर संध्याकाळी सराफ्याच्या खाऊबाजाराकडे जायचं नाही हे मीच ठरवलं. गराडू तळताना जो वास येतो त्यापुढे फायब्रोस्कॅन वगैरे काही आठवत नाही.

कुटकीचा मला एक फायदा झाला, तो कुठल्याच पुस्तकात वाचलेला नाही. संध्याकाळची चिमूट मी साडेसहाला घ्यायचे. साडेसहा म्हणजे ऑफिसातून येऊन चहाबरोबर नमकीनचा डबा उघडायची वेळ. कुटकी जिभेवर गेल्यावर पुढचा अर्धा-पाऊण तास कशालाच चव लागत नाही. शेव तोंडात टाकली तर भुसा. पहिल्या आठवड्यात दोनदा टाकून बघितली, मग डबा उघडणंच सुटलं. वैद्यबुवांना हे सांगितलं तर ते गालात हसले. “तिक्त, म्हणजे कडू, रस मेद कमी करतो म्हणतात तो कसा करतो, ते तुम्हाला कळलं.” शौचाला साफ व्हायचं, तेही तिचंच काम, ती थोडी रेचक आहे. सुरुवातीला जरा जास्तच साफ झालं, तेव्हा त्यांनी मात्रा आणखी कमी केली.

सहा आठवड्यांनी एसजीपीटी ५५. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ४६, आणि वजन ६७ किलो. घरात कुटकीचा जयजयकार झाला. जाऊबाईंनी चूर्ण मागवलं. भिशीत मला ‘काय घेतेस गं’ असं विचारायला लागल्या. किती चालतेस हे कुणी विचारलं नाही. मीही थोडी फुशारले असेन. पण हिशेबाचं डोकं गप्प बसत नाही: चालणं, साबुदाणा बंद, शेव बंद आणि कुटकी सुरू, चारही नोंदी एकाच तारखेला पडलेल्या. जमा कुठल्या खात्यावर दाखवायची?

हे कोडं सुटायच्या आधीच आमच्या ह्यांचं प्रकरण झालं.

ह्यांनाही ऑफिसच्या तपासणीत ग्रेड १ निघाला होता. ह्यांना चालायचा कंटाळा आणि कडूचा त्याहून. नात्यातल्या एका मुलाने ‘लिव्हर डिटॉक्स’ कॅप्सुली आणून दिल्या, साखळी पद्धतीने विकतात तशा. सुंदर डबी, हिरवं पान, वर ‘१०० टक्के नैसर्गिक’. दिवसाला चार. मला कळलं तेव्हा डबी संपत आली होती आणि दुसरी आली होती. मी लेबल वाचलं. गुळवेल, हळदीचा अर्क, त्याच्याबरोबर मिऱ्यातलं पायपेरीन, ग्रीन टीचा अर्क, मिल्क थिसल, आणखी पाच-सहा नावं, आणि सगळ्यांची मिळून एकच मात्रा. कुठलं किती, त्याचा पत्ता नाही. आणि अगदी बारीक अक्षरात: औषधी उपयोगासाठी नाही. म्हणजे ते औषध नव्हतंच, कायद्याने खाद्यपदार्थ होतं. आयुर्वेदिक औषध १९४० च्या औषध कायद्याखाली परवान्याने बनतं. ही डबी त्या दारातून आलीच नव्हती.

एका रविवारी पोहे-जिलबी ताटात तशीच राहिली. ह्यांच्या बाबतीत ही घटना साधी नाही. मग अंगाला खाज, लघवी गडद, अन्नाचा वास नको. डोळ्यांत पिवळी झाक मला दिसली आणि त्याच दिवशी रक्त दिलं. एसजीपीटी ४१२. काविळीचं बिलिरुबिन २.६. डॉक्टरांचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झालेला बघितला. एसजीपीटी नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीच्या वर असताना बिलिरुबिनही दुपटीच्या वर गेलं की औषधाने झालेली इजा हलक्यात घेत नाहीत, त्यातले काही रोगी फार वाईट वळणाला लागतात. रक्त गोठण्याची तपासणी ठीक आली म्हणून दाखल केलं नाही, पण दर चार दिवसांनी रक्त. दूषित पाण्यातून होणारे हिपॅटायटिस ए आणि ई तपासले, निघाले नाहीत. शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटतं का, त्याच्याही चाचण्या झाल्या.

मी डबी पुढे ठेवली. ते म्हणाले, यातलं नेमकं कुणी केलं ते सांगता येणार नाही, आणि हीच या मिश्रणांची गोम आहे. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रोग्यांची हकीकत छापली होती. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेली आणि यकृताला सूज आलेली माणसं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात असेल, हा त्या वादातला एक मुद्दा. हळदीच्या गोळ्यांबद्दल अमेरिकेतून २०२२ मध्ये दहा रोग्यांचा अहवाल आला, आणि त्यांतल्या बहुतेकांत एक विशिष्ट जनुक सापडलं. म्हणजे शंभर जणांना काही होत नाही आणि एखाद्याला होतं. ग्रीन टीच्या अर्काबद्दल युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगून ठेवलंय की त्यातला ईजीसीजी हा घटक गोळीवाटे दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेला तर एन्झाइम वाढू शकतात.

सासूबाईंना हे काही पटेना. हळदीने कसं होईल? आयुष्यभर आमटीत घातली. मला त्यांना समजावणं जमलं ते असं: हळकुंडात कर्क्युमिन असतं शेकडा तीनच्या आसपास, आणि ते अंगी फारसं लागत नाही. या कॅप्सुलीतला अर्क पंच्याण्णव टक्क्यांचा, वर मिऱ्याचं सत्त्व मुद्दाम घातलेलं, कारण त्याने कर्क्युमिन रक्तात कितीतरी पटींनी जास्त उतरतं. आमटीतली हळद आणि ही हळद, दोघींचं नाव तेवढं एक. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “मग तसं नाव तरी वेगळं लिहावं मेल्यांनी.”

ह्यांचे आकडे उतरायला दोन महिन्यांच्या वर गेले. कॅप्सुली बंद करणं हाच इलाज. खाज रात्री वाढायची, पंखा पाचवर आणि अंगाला खोबरेल. चिडचिड इतकी की घरात सगळे कुजबुजून बोलायचे. ज्या मुलाने डबी दिली त्याला आम्ही फोन केला, तर त्याने ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय, हे चांगलं लक्षण आहे, मात्रा वाढवा’ असं त्याच्या वरच्या माणसाने सांगितलेलं वाक्य ऐकवलं. कंपनीच्या नंबरावर तर कुणी उचललंच नाही. आता ही डबी ह्यांनी औषध म्हणून घेतली, त्याने औषध म्हणून विकली, आणि लेबलने सांगितलं की हे औषध नाही. भांडायचं कुणाशी?

मी ती डबी घेऊन वैद्यबुवांकडेही गेले. खरं तर ते बाजू घेतील अशी थोडी भीती होती. त्यांनी भिंगातून लेबल वाचलं आणि डबी टेबलावर आपटली. “दहा झाडांचे अर्क एका कॅप्सुलीत कोंबायचे, मात्रा लिहायची नाही, रोग्याला बघायचं नाही, आणि उद्या काही झालं की नाव आयुर्वेदाचं!” मग शांत होऊन माझ्याकडे वळले. “तुमचीही कुटकी थांबवू या. घरात एकाचं यकृत सुजलंय, तुमच्या आकड्यांवर आता शंका नको. आणि आणखीही एक कळेल.”

ते आणखी एक म्हणजे माझं जमाखर्चाचं कोडं. कुटकी नि काढा बंद, बाकी सगळं तसंच. साडेसहाच्या जागी मी बिनसाखरेची काळी कॉफी आणली. डॉक्टरांनी तिला आनंदाने परवानगी दिली, कॉफी पिणाऱ्यांची यकृतं बरी राहतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय म्हणाले. पहिले पंधरा दिवस नमकीनच्या डब्याने मला बरंच छळलं. जिभेवर पहारा नव्हता ना. शेवटी डबा शेजारी काकांकडे दिला. आणखी तीन महिन्यांनी तपासणी केली: वजन ६५.५, एसजीपीटी ३३, ट्रायग्लिसराइड १५८, एचबीए१सी ५.७. फायब्रोस्कॅनमध्ये कॅप ३०१ वरून २५२, कडकपणा ५.४. म्हणजे कुटकी थांबल्यावरही आकडा उतरतच राहिला.

मी दोघांनाही कागद दाखवले. पोटाचे डॉक्टर म्हणाले, साडेपाच किलो उतरले, एवढ्याने हे होणारच होतं. वैद्यबुवा म्हणाले, कुटकीने सुरुवातीला वाट मोकळी केली, मग शरीर स्वतः चाललं. मी कुणाशीच वाद घातला नाही. माझ्या वहीत कुटकीच्या नावापुढे ‘शेव बंद केली’ एवढं लिहिलंय, आणि ते मला कमी वाटत नाही. बाकी जमा काट्याच्या खात्यावर.

ह्यांनी आता चालायला सुरुवात केलीय. अर्थात लालबागला नाही, कारण तिथे ओळखीचे लोक ‘आता कसंय’ विचारतात. ते कॉलनीतल्याच रस्त्यावर फेऱ्या मारतात, हातात मोबाइल, आणि दर फेरीला गेटपाशी थांबून किती पावलं झाली ते मला ओरडून सांगतात. जुनी डबी मी फेकू दिलेली नाही. फाइलमध्ये तिचं लेबल कापून चिकटवलंय. पुढे कधी भूल द्यायची वेळ आली, क्षयाचं वगैरे औषध लागलं, तर डॉक्टरांना आधी हे दाखवायचं, असं आम्हाला सांगितलंय.

परवा देवासहून वहिनीचा फोन आला. तिलाही ग्रेड २ निघालाय. म्हणाली, तुला बरं वाटलं ते चूर्ण कुठलं, मला दोन पाकिटं पाठव. मी तिला विचारलं, एसजीपीटी किती? माहीत नाही. प्लेटलेट? माहीत नाही. फायब्रोस्कॅन? तो कशाला, तिला तर काही त्रास नाही. मी म्हटलं, आधी रक्त तपास, आकडे मला पाठव, फिब-४ मी काढून देते. मग डॉक्टर, मग हवं तर माझे वैद्यबुवा, मी स्वतः घेऊन जाईन. आणि डबीतल्या कॅप्सुली कुणीही दिल्या तरी घेऊ नकोस.

“बरं बाई,” ती म्हणाली. “तोवर गराडू चालतील ना?”